वृद्धेच्या अन्नाची बेजमी

वय झाले की माणूस वाळतेच, हा समज आपल्या समाजात इतका खोल रुजलेला आहे की, पासष्टी ओलांडलेल्या गरीब घरच्या बाईची चोळी दंडावर सैल पडू लागली, बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या, नळावरून घागर आणताना तिला वाटेत दोनदा बसावे लागू लागले, तरी घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि पुष्कळदा तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही त्यात काही विपरीत घडते आहे असे वाटत नाही. वार्धक्याने केस पिकतात, दृष्टी मंदावते, स्नायूंचे बळही काही अंशी ओसरते, हे खरे. परंतु तीन महिन्यांत तीन किलो वजन उतरणे हा वार्धक्याचा धर्म नव्हे. एकतर अन्न कमी पडत आहे किंवा एखादा रोग आत घर करून बसला आहे, एवढाच त्याचा अर्थ; आणि या दोहोंवरही उपाय आहे. त्या उपायांचा तपशील देण्यासाठी हा लेख लिहिला आहे. ज्यांच्या घरात, आळीत, वाडीत किंवा चाळीत अशी एखादी वृद्धा आहे, त्या सर्वांना उद्देशून तो आहे. मग वाचणारा तिचा मुलगा असो, सून असो, गावातील शिक्षक असो वा बचत गटाची अध्यक्ष असो.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, ती अशी की, या बाईची गणतीच फारशी होत नाही. १९७५ साली सुरू झालेल्या अंगणवाडीच्या योजनेत लहान बालक, गर्भवती आणि स्तनदा माता यांचा समावेश झाला व तो सर्वस्वी योग्यच होता. पण त्या मातेची मुले मोठी झाली की शासकीय पोषणाच्या नोंदवहीतून तिचे नाव गळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांचे वजन आणि रक्तातील हिमोग्लोबिन मोजले गेले ते पंधरा ते एकोणपन्नास या वयाचे. पन्नाशीनंतर तिचे काय होते, याचे उत्तर त्या जाडजूड अहवालांत सापडत नाही. एवढेच काय, अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतीय दारिद्र्याचे जे विख्यात विवेचन केले, त्यातही हिशेबाचे एकक कुटुंब हेच होते. घरात आलेले धान्य कोणाच्या पानात किती पडते, हा प्रश्न त्या हिशेबाच्या बाहेर राहिला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षे व त्यावरील ७२ हजारांहून अधिक माणसांची जी पाहणी केली, तीत मात्र साठीपुढील चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसांचे वजन असावे त्यापेक्षा कमी आढळले. दर चार वृद्धांमागे एक जण अर्धपोटी आहे आणि आपण त्याला वयाचे नाव देतो, हे दुखणे लहान नव्हे.

घरातील वाटणीचा प्रश्न नाजूक आहे, म्हणून तो टाळून चालत नाही. आपल्याकडे बाई सर्वांना वाढून शेवटी जेवते. तरुणपणी जडलेली ही सवय म्हातारपणी सुटत नाही, उलट कमावते हात थकल्यावर तीत संकोचाची भर पडते. पती निवर्तल्यानंतर मुलांमध्ये जी वाटणी होते तीत जमीन, भांडी आणि आई या तिन्हींचे वाटे पडलेले अनेकांनी पाहिले असतील. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे अशा पाळीने राहणाऱ्या आईला कोणत्याच घरात स्वतःहून भाकरीचा दुसरा तुकडा मागण्याचा अधिकार वाटत नाही. ‘मला भूक नाही,’ हे तिचे उत्तर शब्दशः घेऊ नये. सकाळी चहा आणि बटर, दुपारी चतकोर भाकरी व कालवण, रात्री पुन्हा चहात बुडवून काहीतरी, असा तिचा दिवस सरतो. त्यात सोमवार, चतुर्थी, एकादशी आणि श्रावणातले उपवास मिळवले म्हणजे महिन्यातील कितीतरी दिवस पोटात पुरेसे काहीच जात नाही. मिश्री लावण्याची सवय भूक मारते आणि हिरड्या व दात खाते. या साऱ्याचे खापर सुनेच्या माथी फोडण्याची जी रीत आहे ती मला अन्यायाची वाटते, कारण ती सूनही बहुधा शेवटीच जेवत असते आणि तीस वर्षांनी याच जागी येणार असते. म्हणून दोष कोणाचा याची चौकशी न करता, घरातील दोन्ही बायकांनी सर्वांबरोबर एकाच पंगतीला बसून जेवण्याचा नियम घरच्या कर्त्या पुरुषाने घालून द्यावा. या नियमाला पैसा लागत नाही, आणि घरातील अन्नाची वाटणी बदलण्याचा याहून निश्चित मार्ग मला ठाऊक नाही.

आता कृश कोणाला म्हणावे, हे पाहू. गावच्या उपकेंद्रात किंवा आशाताईंच्या मदतीने वजन करावे व ते महिन्याच्या महिन्याला दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता साडेअठराहून कमी आकडा आला तर वजन अपुरे समजतात. सोप्या भाषेत सांगायचे तर एकशे पंचेचाळीस सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन ३९ किलोपेक्षा कमी आणि एकशे पन्नास सेंटिमीटर उंचीच्या बाईचे सुमारे साडेएकेचाळीस किलोपेक्षा कमी असता कामा नये. परंतु पाठीला बाक आलेल्या वृद्धेची उंची मोजणे व्यर्थ असते. अशा वेळी शिंप्याकडील मापपट्टी घेऊन पायाच्या पोटरीचा सर्वांत भरीव भाग मोजावा. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर स्नायू झडत आहेत असे समजावे. पट्टीही नसेल तर जपानमध्ये वृद्धांसाठी रूढ झालेली एक युक्ती करावी: बसलेल्या बाईने आपल्याच दोन्ही हातांचे अंगठे व तर्जन्या जुळवून पोटरीभोवती कडे करावे, कडे आणि पोटरी यांच्यामध्ये मोकळी जागा राहिली तर काळजी करण्यासारखी स्थिती आहे. पायांवर सूज असेल तर वजनाचा आकडा फसवा ठरतो, कारण सुजेतील पाणी झडलेल्या मांसाची जागा भरून काढते; त्या सुजेवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहावे आणि राहत असेल तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

तपासणीचा उल्लेख आला, तेव्हा हेही सांगितले पाहिजे की, अन्न वाढवण्यापूर्वी किंवा वाढवीत असतानाच रोगाचा शोध घेतला पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळी कणकण आणि उतरणारे वजन ही लक्षणे एकत्र आली की थुंकीची तपासणी करवून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते, आणि क्षय निघाल्यास उपचार चालू असेतो पोषणासाठी दरमहा १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. मधुमेहाने वजन उतरते. हलणारे दात, तोंड येणे, गिळताना ठसका लागणे, मोतीबिंदूमुळे ताटातले नीट न दिसणे, यांमुळेही जेवण निम्म्यावर येते. पतीच्या किंवा मुलाच्या मृत्यूनंतर जिचे जेवणावरचे मनच उडाले आहे, तिला ‘विसरून जा’ असे सांगून भागत नाही. उदासीनता हाही उपचारसाध्य आजार आहे. आणखी एक इशारा: कित्येक दिवस जवळजवळ निराहार राहिलेल्या अत्यंत क्षीण बाईला एकाएकी पोटभर जेवू घालणे धोक्याचे असते. अशा वेळी शरीरातील क्षारांचा तोल ढळून जीवावर बेतू शकते. तिला आधी रुग्णालयात न्यावे व तेथील सल्ल्याने आहार क्रमाक्रमाने वाढवावा.

आहाराचा विचार करताना सर्वांत अधिक लक्ष प्रथिनांकडे द्यावे लागते. वृद्ध शरीराला अन्नातील प्रथिनांपासून स्नायू घडवणे तरुण शरीराहून कठीण जाते, म्हणून त्याची गरज घटत नाही, उलट किंचित वाढते. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला निदान एक ग्रॅम प्रथिने हे प्रमाण धरावे. म्हणजे ४० किलोच्या बाईला ४० ग्रॅम. आता तिच्या पोटात प्रत्यक्ष काय जाते? ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्यांना सुमारे दीडशे ग्रॅम पीठ लागते, त्यातून पंधरा ग्रॅम प्रथिने मिळतात. वर मिरचीचा ठेचा आणि चहा. पंचवीस ग्रॅमची तूट राहिली. ती भरून काढण्यासाठी महागडे काही लागत नाही. चाळीस ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धी वाटी कच्च्या डाळीचे घट्ट वरण शिजवले तर नऊ ग्रॅम, मूठभर म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांतून सात ग्रॅम, एक पेला दुधातून सहा ग्रॅम आणि खात असल्यास एका अंड्यातून आणखी सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. बाजारात डब्यातून विकल्या जाणाऱ्या पौष्टिक भुकट्यांवर गरीब कुटुंबे कर्ज काढून खर्च करतात याचे मला अतिशय वाईट वाटते. तेवढ्या पैशात महिनाभराची अंडी आणि शेंगदाणे येतात, आणि त्यांतून होणारे पोषण भुकटीपेक्षा उणे नसते.

मात्र दात नसलेल्या बाईपुढे कडक भाकरी आणि भाजलेले शेंगदाणे ठेवले तर ती ते बाजूला सारणार, आणि आपण तिला भूक नाही असे समजणार. येथे आपल्या जुन्या स्वयंपाकाचे उपकार मोठे आहेत. ज्वारीच्या कण्या, नाचणीची आंबील, हुलग्याचे माडगे, उडदाचे घुटे, मऊ शिजवलेल्या शेंगोळ्या, पातळ पिठले, मुगाच्या डाळीची खिचडी, कोकणातली पेज, हे सर्व पदार्थ बिनदातांच्या तोंडाला मानवतात आणि त्यांपैकी बरेचसे डाळी-कडधान्यांचेच आहेत. शेंगदाणे भाजून त्यांचा बारीक कूट करावा व तो आमटीत, भाजीत, आंबिलीत घालावा. दळणातच सुधारणा करावी: पाच किलो ज्वारीत किलोभर हरभऱ्याची डाळ मिसळून दळून आणली तर भाकरी वेगळी भासत नाही आणि घरातील सर्वांचेच प्रथिन वाढते. भाकरी दुधात, ताकात किंवा आमटीत कुस्करून द्यावी. वाढताना वरून चमचाभर तेल किंवा तूप सोडावे. तेलाच्या एका लहान चमच्यात पंचेचाळीस उष्मांक असतात आणि ज्या पोटात दोन घासांहून अधिक मावत नाही त्याला बळ देण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. एकाच वेळी पुष्कळ वाढून ठेवू नये. दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे, आणि सकाळचा चहा-बटर हा त्या पाचांत धरू नये.

हाडांसाठी नाचणी आणि तीळ हे दोन जिन्नस घरात असावेतच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, तिळात त्याहून पुष्कळ अधिक. सकाळच्या उन्हात अर्धा तास बसणे आणि हातांचा आधार न घेता बाजेवरून किंवा खुर्चीवरून उठण्याचा प्रयत्न दिवसातून काही वेळा करणे हेही आहाराइतकेच आवश्यक, कारण स्नायूंना काम दिले नाही तर खाल्लेले प्रथिन त्यांच्यापर्यंत पोचूनही वाया जाते. रक्तवाढीसाठी गुळाची जी ख्याती आहे ती अतिरंजित आहे; पालेभाजी, अळीव, कडधान्ये यांवर लिंबू पिळावे आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा टाळावा, कारण चहा अन्नातील लोह शरीरात जाऊ देत नाही. जी बाई दूध, अंडी, मासे यांपैकी काहीच घेत नाही तिला बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. तिच्या हातापायांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगावे. कोकणात आणि गोव्यात सुकट व सुके बोंबील हे प्रथिनांचे उत्तम साठे आहेत, फक्त ते आधी पाण्यात भिजवून मीठ काढून घ्यावेत.

उपवासाविषयी लिहिताना श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की, साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असून त्याने पोट फुगते, पोषण होत नाही. त्याऐवजी राजगिरा, वरई, शेंगदाण्याची आमटी, दूध, ताक आणि रताळे घेतले तर उपवासही मोडत नाही आणि शक्तीही राहते. ज्या बाईचे वजन वर सांगितलेल्या मर्यादेखाली आहे तिने मात्र उपवास सोडून द्यावेत, आणि हे तिला घरातील ज्येष्ठाने किंवा ज्यांचा शब्द ती मानते त्या पुराणिकबुवांनी समजावून सांगावे. मधुमेही वृद्धांच्या बाबतीत उलट चूक होते: भात बंद, गूळ बंद, बटाटा बंद, फळ बंद, असे हुकूम एकामागून एक सुटतात आणि त्या जागी काय खावे हे कोणीच सांगत नाही, परिणामी साखर आटोक्यात येते ती उपासमारीने. पाणी कमी पिण्याचे कारणही पाहावे. संडास लांब असला, रात्री तेथवर जाण्याची धास्ती वाटत असली, की बाई संध्याकाळनंतर पाण्याला शिवत नाही. तेथे पाण्याचे महत्त्व समजावण्यापेक्षा वाटेवर दिवा आणि भिंतीला धरायला दांडी यांची सोय करणे अधिक उपयोगाचे.

येथवर जे सांगितले ते सर्व ज्या घरात थोडीफार ऐपत आहे तेथे शक्य होईल. जेथे तीही नाही तेथे हक्काच्या धान्याची आणि पैशाची बेजमी करावी लागते, आणि त्यासाठी कागदपत्रांच्या वाटेने जावे लागते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री हीच शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख ठरवली आहे, ही गोष्ट प्रत्येक वृद्धेच्या कानी घातली पाहिजे; शिधापत्रिकेवर जिचे नाव पहिले तिने पंगतीत शेवटी बसावे, यात कसलेच औचित्य नाही. प्राधान्य कुटुंबास दरडोई पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबास एकूण पस्तीस किलो धान्य दरमहा मिळते व जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. निराधार विधवा व आधार नसलेले वृद्ध यांना अंत्योदयात घ्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली स्पष्ट बजावले आहे. म्हणून एकटी राहणारी बाई साध्या पत्रिकेवर पाच किलोवर भागवत असेल तर अंत्योदयासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज करावा आणि अर्जाची पोचपावती घेतल्याशिवाय तेथून हलू नये. आयुष्यभर खुरपणी आणि धुणीभांडी करून बोटांचे ठसे झिजलेल्या बायांना यंत्र ओळखत नाही आणि दुकानदार त्यांना परत पाठवतो. ठसे न जुळणे हे शिधा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, डोळ्याची ओळख अथवा भ्रमणध्वनीवरील संकेतांक असे अन्य मार्ग आहेत, हे दुकानदाराला शांतपणे सांगावे आणि तरीही त्याने न ऐकल्यास १९६७ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. या शिध्यात तांदूळ-गहू असतो, डाळ नसते, हे मोठेच वैगुण्य आहे; पोट भरते, स्नायू भरत नाहीत.

रोख मदतीपैकी महाराष्ट्रात पासष्ट वर्षांपुढील निर्धनांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आणि त्याखालील वयाच्या निराधार विधवांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळतात. अर्जासोबत वयाचा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला लागतो. जन्मनोंद नसलेल्या बाईला ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाकडून वयाचा दाखला मिळवता येतो. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये आहे, आणि ती इतकी तुटपुंजी आहे की मुलगा रोजंदारीवर जात असला तरी आईचा अर्ज नामंजूर होण्याची भीती असते, मग तो मुलगा तिला विचारो वा न विचारो. ही मर्यादा वाढवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मंजूर झालेले वेतन हयातीचा दाखला वेळेवर न दिल्याने बंद पडते, म्हणून त्याची तारीख घरातील शिकलेल्या नातवाने लक्षात ठेवावी. सधन मुले आईला अन्न देत नसतील तर २००७ च्या कायद्यान्वये प्रांताधिकाऱ्यांसमोरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. तेथे वकील लागत नाही आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. प्रत्यक्षात फार थोड्या माता मुलाविरुद्ध कागदावर अंगठा उठवतील, हे मी जाणतो. परंतु असा कायदा आहे, एवढे गावातील वडीलधाऱ्याने मुलाच्या कानावर घातले तरी पुष्कळदा काम होते. सल्ल्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे.

राहिली ती अगदीच एकटी बाई, जिला स्वतःपुरती चूल पेटवण्याचा कंटाळा येतो आणि जी एकदा रांधून दोन दिवस शिळे खाते. तिच्यासाठी धान्य पुरेसे नाही, शिजलेले अन्न हवे. तामिळनाडूने शाळेतल्या माध्यान्ह भोजनाची सोय १९८३ मध्येच वृद्ध निवृत्तिवेतनधारकांनाही खुली केली. आपल्या प्रत्येक गावात शाळेचा पोषण आहार रोज शिजतो आणि बचत गटाच्याच बाया तो शिजवतात; त्याच हातांनी, पण गावाने स्वतंत्रपणे जमवलेल्या शिध्यातून, सात-आठ वृद्धांचे जेवण रांधणे अवघड नाही. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ, चाळीस ग्रॅम डाळ, मूठभर भाजी आणि चमचाभर तेल, एवढा रोजचा हिशेब धरावा. महिन्याला एका व्यक्तीमागे तीन किलो तांदूळ आणि सव्वा किलो डाळ होते. तांदूळ तिच्या शिधापत्रिकेवरचा वापरावा, डाळीची व्यवस्था सुगीत धान्याच्या रूपाने घरटी वर्गणी घेऊन करावी. हा विषय महिलांच्या ग्रामसभेत मांडून ठराव लिहून घ्यावा, कोणाचे जेवण कोण पोचवणार हे नावानिशी ठरवावे, आणि जी बाई सलग दोन दिवस ताट परत पाठवील तिच्या घरी तिसऱ्या दिवशी आशाताईंनी जाऊन यावे.